सातव्या अंजनावरचा कान

पालच्या वर, जिथं डांबर संपतं,
तिथून सातवा अंजन.
त्याच्या खोडाला पट्ट्यानं बांधलाय
साबणाच्या वडीएवढा हिरवा डबा.
दर दहा मिनिटांतलं एक मिनिट तो ऐकतो.
उरलेली नऊ मिनिटं
जंगल काय बोलतं ते कुणाला ठाऊक नाही,
रुबाब तडवी सोडून.

रुबाबदादाला डाव्या कानानं कमी येतं.
बारा वर्षं चोपड्याच्या जिनात सरकी-रुईत काढली,
मशीन त्याच बाजूला होतं.
म्हणून मान कलती करून
उजवा कान उताराकडे धरतो
आणि सांगतो, "थो बोलते ना, त्याले पिल्लं हायेत."
मी लिहिते : रानपिंगळा, एक, सात चाळीस.
पिल्लांसाठी माझ्या तक्त्यात रकाना नाही.

रात्री फैजपूरच्या खोलीत मी आवाज बघते.
हो, बघते.
पडद्यावर वर किडे, काजळाच्या टोकानं ओढलेले,
मधे पिंगळ्याच्या वेलांट्या, सुट्या सुट्या,
आणि तळाशी, जिथं होले आणि भारद्वाज असायचे,
एकोणीस एप्रिलपासून
भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा
जाड काळा पट्टा.

आधी हळदीचा डीजे, पाच किलोमीटरवरचा.
मग बोअरची गाडी. तीन दिवस. सहाशे फूट, नुसता फुफाटा.
मग सुकीच्या धरणावर आलेली पोरं,
स्पीकर पाठीवर घेऊन.

पिंगळा थांबतो.
एक गाणं संपून दुसरं लागतं
त्या फटीत घाईघाईनं दोन हाका सारतो,
एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून
जागा धरावी तशा.
उत्तर येत नाही.
पूर्वी यायचं का?
आमच्याकडे पूर्वीचं काही नाही. डबा मार्चमधला.
पूर्वीचं सगळं रुबाबदादाच्या उजव्या कानात आहे
आणि त्याची प्रत निघत नाही.

तक्त्यात रकाने तीन :
जीवांचे, वारा-पाण्याचे, माणसांचे.
माणसांच्यात डीजे टाकला, बोअर टाकली,
रात्रीचे वाळूचे ट्रॅक्टर टाकले,
कुऱ्हाड टाकली, जरा थांबून.
मग एका पहाटे, पाच वाजून दहा मिनिटांनी,
मोहाखाली फुलं वेचणारी कुणी पावरा बाई
पोराला हाक मारते.
तीन सूर. शेवटचा वर चढतो.
आणि लगोलग, त्याच पट्टीत,
भृंगराज तीच हाक मारतो, तिच्याहून जरा बरी.
बाई हसते. पोरगं दोन्हीकडे ओ देतं.

मी हे कुठं टाकू?
कर्सर लुकलुकत राहिला, चहा साईला आला.

आणि त्याच दिवशी, सात अडतीसला,
पिंगळा ऐन हाकेत तुटतो.
फटफट, गिअर, पुन्हा फटफट.
सगळ्या आवाजांहून जवळचा.
कोण हा बेशरम, म्हणून मी आवाज वाढवला
तर सायलेन्सरवर चढून माझाच आवाज :
"दादा, आज लवकर आलो आपण!"
पुढची एकवीस सेकंदं रान रिकामं.

तेव्हापासून गाडी नाक्यावर लावतो.
साडेतीन किलोमीटर चढ.
रुबाबदादा म्हणाला, "मंग? मी तं पहिलेपासूनच सांगतो."
सांगितलं असेल. मी हेडफोनमध्ये असेन.

आज सेल बदलले. झाकण लावलं.
दिवा एकदा हिरवा झाला, म्हणजे मिनिट सुरू.
दोघं पुतळे.
खालून पाचोळ्यात काहीतरी सरकलं, सरडा असावा.
लांब, अगदी लांब, एक वेलांटी.
मी श्वास धरला,
आणि सकाळपासून रिकामं माझं पोट
भर जंगलात मोठ्यानं गुरगुरलं.

रुबाबदादानं उजवा कान
सावकाश माझ्याकडे वळवला.
दिवा अजून हिरवा होता.