एका डावाला किती पानं

रामबागेत माझं बाइंडिंगचं दुकान.
खळीच्या डब्यावर, खिळ्याला टांगलेली
एक वही, फुलस्केप, लाल कापडी पाठीची.
तिच्यात कुस्त्या चालतात.

वामनराव बिडवईंचा मल्ल हैबती,
नीलांबरी लघाटेची कस्तुरा.
लिहिणारी दोघं कधी मातीत उतरलेली नाहीत,
वामनरावांचे गुडघे तर जिन्यालाही बिचकतात.
एकाने डाव लिहायचा, वही टांगायची,
दुसऱ्याने येऊन त्यातून सुटायचं.
पंच मी. कारण वही माझी.

वामनराव सलामीलाच चार पानं घेतात.
हैबतीने लंगोट कसला, पण त्याआधी ते कापड
महेश्वरहून कुणी आणलं, किती घासाघीस झाली,
विकणाऱ्या बाईचा थोरला कुठे परागंदा झाला.
तो शड्डू ठोकेस्तोवर माझा चहा गार.

नीलांबरी विमा कचेरीतून सुटते,
स्कूटर चालूच ठेवून आत येते, उभ्याउभ्या लिहिते :
कस्तुराने पट काढला.
हैबती खाली. दातांत माती.
आणि हेल्मेट चढवून पसार.

वामनराव म्हणाले, ही कुस्ती नव्हे, ही तार आली.
ती म्हणाली, काका, तुमचा माणूस हात उचलेपर्यंत
माझी पेन्शन सुरू होईल.
शेजारचा पोहेवाला चंपालाल, त्याला लिहायचं नसतं,
मत मात्र असतं :
भिया, ये कुश्ती है कि कथा?

मग मी पुठ्ठ्यावर नियम लिहून लावला.
एका डावाला दोन पानं. कमीत कमी अर्धं.

नीलांबरीने अक्षर मोठं केलं, बालवाडीतल्यासारखं.
वामनरावांनी बारीक, मुंगीने शाई पिऊन चालावं तसं,
समासात, वरच्या कडेला, थेट शिवणीत शिरून.
नियम दोघांनीही पाळला.
मी पट्टी घेऊन बसलो
आणि पट्टी परत ठेवली.

पौषात बिडवईंच्या बाईंना एम.वाय.मध्ये हलवलं.
वामनराव वही मागून घेऊन गेले.
नऊ दिवस खिळा रिकामा.

परत आली तेव्हा सदतीस पानं.
कस्तुराची मोळी बसलेली, हैबती पालथा,
आणि सदतीस पानं तो फक्त
उलटा होत नव्हता.
एवढंच. दुसरा डाव नाही.
श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला.
एका ठिकाणी नर्स सलाईन बदलून गेली,
ते खोडलेलं होतं,
खोडलेलं वाचता येत होतं.
आखाड्यात ट्यूबलाइट कुठून आली,
कोपऱ्यात संत्र्याची सालं कुणाची,
पंच म्हणून मी विचारायला हवं होतं.
शेवटच्या ओळीत : अजून खांदा
आणि पूर्णविराम नाही.
वामनरावांच्या सदऱ्याला मधलं बटण नव्हतं.

नीलांबरीने त्या दिवशी स्कूटर बंद केली.
स्टुलावर बसली, पहिल्यांदाच.
चंपालालने दोन प्लेटी पाठवल्या, त्या तशाच राहिल्या,
शेव मऊ पडली.
अंधार झाल्यावर तिने पेन मागितलं.

कस्तुराने मोळी सोडली नाही.
सोडली असती तर त्याचा अपमान झाला असता.
तिने फक्त आपला भार
स्वतःच्या गुडघ्यावर घेतला.

त्याखाली दीड पान कोरं.
म्हणाली, हेही माझ्यात मोजा.

रात्री मी वहीची शिवण उसवली,
आत नवा दस्ता घातला, दोरा मेणातून ओढला,
पुन्हा शिवली. पाठ थोडी फुगली आहे,
दाबाखाली ठेवलीय.
नियमाचा पुठ्ठा लागला
कुणाच्या तरी हिशेबवहीच्या आतल्या बाजूला.

चंपालाल रोज विचारतो, कौन जीता?
मी म्हणतो, जलेबी गरम असेल तर दे.