बोटभर ओळ

तुम्ही हे का करता?
फॉर्मच्या चौथ्या पानावर एवढाच प्रश्न,
खाली बोटभर रिकामी ओळ.
ऑर्हूसमधल्या या तिसऱ्या मजल्यावर
अकरा वर्षं मी त्या ओळी वाचते आहे.

ट्रोल्स आला तो ओलं हेल्मेट काखेत धरून.
लिहिलं: सायकलची चेन, आणि थकलेलं भाडं.
खोडलं नाही. मला बरं वाटलं.
बाकीचे ‘कुणाचं तरी भलं व्हावं’ लिहितात
आणि जाता जाता विचारतात,
पैसे आज, की शुक्रवारी?
भलंही खरं असतं, शुक्रवारही.

दोन वर्षांनी पुन्हा तोच फॉर्म.
आता बंदरावर क्रेन चालवत होता, पैशांची नड नव्हती.
पेन नुसतंच हातात.
म्हणाला, आई राईच्या पावाचं आंबवण
बरणीत घालून जिन्यातल्या सगळ्यांना देते.
चार घरांत तिचंच विरजण.
तिला कुठं कुणी विचारतं, का?
हेच लिही की, मी म्हटलं.
नको. आईला यातलं काही माहीत नाही.
ओळ कोरीच राहिली,
कुप्या गेल्या उणे एकशे शहाण्णवात,
झाकण लावताना नेहमीसारखी वाफ माझ्या चष्म्यावर.

याग्ना श्चेचिनहून येते, रात्रीच्या बसनं.
तिच्याकडे नवरा नसलेल्या बाईला
हे दार उघडत नाही.
ऑफिसात दाढेचं सांगून येते.
तिसरी दाढ, म्हणाली, आता तोंडात जागा उरली नाही,
आणि आम्ही दोघी नको तेवढ्या हसलो.
मागच्या दोन्ही वेळा रक्त आलं होतं,
एकदा परतीच्या बसमध्येच.

या वेळी तिनं दाता बदलला.
सुंदर वाक्यांची पानं बाजूला सारली,
कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं.
मूल कधीतरी विचारेलच, म्हणाली,
तेव्हा निदान खोटं सांगायला नको.
माहीत नाही, एवढं म्हणता येईल.

मला माहीत होतं.
नियम असा, की मी गप्प.

निघताना तिनं विचारलं,
बसमध्ये खायला इथं जवळ काय मिळेल?
कोपऱ्यावरची बेकरी दाखवली.
राईचा घे, म्हटलं.
जड असतो. थोडा आंबट लागेल.
घरी पोचेपर्यंत पुरतो.