अक्षर लागणं

ऑलेसुंडला पिझ्झा गार झाला,
फळ्यावर अजून माझीच अक्षरं.
मासळी कंपनीचे अकरा जण
एआयपुढे बसलेले, मुलगी बघायला आल्यासारखे.
"विचारा काहीही," मी म्हटलं.
कुणी विनोद मागितला. कुणी हवामान;
ते तर खिडकीतून दिसतच होतं.

मग तक्रार विभागातल्या गुन्वोरनं वही काढली:
एकोणीस वर्षांत परत आलेल्या कॉडच्या पेट्या,
तारीख, बोट, बर्फ किती.
"माझं अक्षर नवऱ्यालाही लागत नाही."

दोन पानं त्याला लागली. तिसऱ्यावर चुकलं.
तिनं खुर्ची पुढे ओढली
आणि शिकवू लागली,
नव्या पोराला सुरी धरायला शिकवतात तसं.

माझ्या तक्त्यात एक रकाना आहे: वापर सुरू.
पेन उघडून बसलो.
बाहेर धक्क्याला एक बोट लागत होती.