उजेडात धरून

छत्तीस वर्षं बँकेत खिडकीच्या आत बसलो.
विक्रोळी शाखा, खिडकी नंबर तीन.
नोट आली की आधी अंगठ्याला कळायचं,
डोळ्यांना नंतर.
खोटी नोट जरा जास्तच गुळगुळीत असते,
नव्या जावयासारखी.

आता कन्नमवार नगरात दुसऱ्या मजल्यावर
मोबाइल उजेडात धरतो.
पलीकडचं काही दिसत नाही.

आन्या मॅडमनी मला 'सर' म्हटलं.
निवृत्तीनंतर कुणी म्हटलं नव्हतं.
काम सोपं : हॉटेलांना पाच-पाच तारे द्यायचे.
उदयपूरचं तळ्याकाठचं, मनालीचं लाकडी,
ज्यांच्या गादीला माझी पाठ कधी लागली नाही.
पहिल्याच संध्याकाळी दोनशे दहा रुपये जमा.
दोनशे काढून बघितले.
शंभराच्या दोन, अंगठ्याने पास केल्या.
तिथेच चुकलो. नोटा खऱ्या होत्या.
कोहळा न्यायला येतात
तेव्हा आवळा खराच आणतात.

ग्रुपात एकशे ब्याऐंशी माणसं.
सगळ्यांना नफा. रोज. नेमाने.
कुणाची सून बाळंत होत नाही,
कुणाचं नेट जात नाही,
'धन्यवाद मॅडम' मधला 'ध' सगळे सारखाच चुकवतात.
एकाच माणसाच्या दोन सह्या
हुबेहूब जुळल्या, की आम्ही चेक बाजूला ठेवायचो.
हे मला तेव्हा आठवलं नाही.
तेव्हा मी मुदत ठेव मोडत होतो.

सत्तेचाळीस हजार.
मग 'आधी कर भरा, रक्कम सुटेल.'
मग 'सर' गेलं. मग मॅडम गेल्या.
पासबुक शर्टांच्या घडीखाली सरकवलं
आणि बायकोला म्हटलं, चहा टाक.

तळमजल्यावर हेमांगी तांडेल
सुका जवळा विकते, ऑनलाइन.
मी हसलो होतो, वास कसा पाठवणार गं फोनवरून?
हल्ली दुपारी तिच्याकडे पाकिटं वजन करायला बसतो.
तीन पदरी पिशवी, वर टेप,
तरी कुरियरचा पोरगा नाक मुरडतो,
एखाद दिवशी न घेताच जातो.
पुण्याच्या कुणा बाईंनी एकच तारा दिला :
'दाताखाली वाळू आली.'
हेमांगीने दोन दिवस पुण्याचा उद्धार केला,
तिसऱ्या दिवशी बारीक चाळण आणली
आणि लिहिलं, बरोबर आहे तुमचं, पैसे परत पाठवते.
मी तो तारा बराच वेळ बघत बसलो.
मी तीनशेवर तारे वाटले होते,
त्यात असा एकही नव्हता.

तिच्या वहीत लाल पेनाने असतं :
तोटा ६३, पार्सल परत.
तोटा ११०, बरणी फुटली.
खाली, निळ्याने, नफा.
फार नाही. पण त्याला जवळ्याचा वास येतो.

परवा चौथ्या मजल्यावरचा पार्थेश जिन्यात भेटला.
वय बावीस, हातात फोन.
काका, घरबसल्या रोज तीन हजार,
नोंदणी फक्त नऊशे नव्याण्णव. खरं असेल?
सवयीने फोन ट्यूबलाइटसमोर धरला.
तो हसला.
म्हटलं, विचार त्यांना,
शेवटचा तोटा कुणाला झाला, आणि किती.

त्याने टाइप केलं. पापणी लवायच्या आत उत्तर :
'सर, आपल्याकडे तोटा नसतोच.'
बावीसाव्या वर्षी 'सर'.
पोराच्या मानेवरून हात फिरल्यासारखा
तो जरा ताठ झाला.
बोट पुन्हा त्या नऊशे नव्याण्णवपाशी.

मग मला बोलावंच लागलं.
झाला रे, म्हटलं. मला झाला.
सत्तेचाळीस हजार.
जरा मोठ्याने निघालं.

आमचं दार अर्धं उघडं होतं.
आत कढईतला कालथा
थांबला.