अकरा किलोमीटर

बॅनरवर लिहिलं होतं ‘मिशन प्रवास’.
टेम्पोच्या मीटरवर बघितलं तर अकरा किलोमीटर,
बेलापूरच्या आमच्या चर्चपासून
तुर्भ्याच्या डोंगरातल्या खाणीपर्यंत.
तेवढ्यासाठीही शुलमिथने सगळ्यांना
निळे टी-शर्ट छापून आणलेले,
पाठीवर एकच शब्द: आशीर्वादित.
मला एक माप मोठा झाला.

डोंगर अर्धा कापलेला,
पाव कापून झाकायचा राहावा तसा.
खाली खड्ड्यात हिरवं पाणी, त्यात कुणीतरी सोडलेली बदकं.
पत्र्यांची वस्ती, आणि आमच्यासाठी
चार घरांतून गोळा केलेल्या चार खुर्च्या,
चारी वेगळ्या रंगांच्या.

साबण वाटले, कंगवे, दोनशे पानी वह्या.
मग पाळकसाहेब म्हणाले, मावशी, साक्ष द्या.
दिली. मला ती तोंडपाठ आहे:
सेक्टर आठमधलं घर, फिटलेलं कर्ज,
चोवीस तास पाणी,
बायपासनंतरही मी चालती-फिरती,
मुलगा मेलबर्नला.
प्रत्येक वाक्याला ‘प्रभूची कृपा’ जोडलेली.
तो दोन वर्षं फोन उचलत नाही
हे साक्षीत कुठे बसवायचं, मला कधी जमलं नाही.

तिम्मव्वा खडीच्या ढिगाला टेकून ऐकत होती.
“बरं झालं बाई तुमचं,” म्हणाली,
शेजारणीच्या मुलीचं लग्न ठरल्याचं कळावं
तितक्याच सहज.
आणि लगेच, “पोरगं येतं का?”
“येईल.”
“म्हंजे येत नाही.”

काय सुचलं कोण जाणे, मी तिची हातोडी उचलली.
शमुवेल मोबाइल घेऊन पुढे सरसावला.
पहिल्याच घावाला कपचा उडाला
तो माझ्याच नडगीवर.
तिम्मव्वा पदर तोंडाला लावून हसली,
हसता हसता म्हणाली,
“धन्य आहे बाई तुमची!”

चाळीस वर्षं हा शब्द मी
डोक्यावर पदर घेऊन, उभ्याने वाचत आले.
मला उद्देशून कुणी म्हटला
तो त्या दिवशी पहिल्यांदा.

टँकर मंगळवारी येतो, नाहीतर शनिवारी.
त्या दिवशी होता सोमवार.
हंड्याच्या तळातून तिने वाटीभर पाणी खरवडलं,
नडगी धुतली,
दगडाच्या फटीतून दगडी पाला उपटून
तळहातावर चोळून भरला, वर स्वतःच्या पदराची चिंधी.
मग दोन्ही हात माझ्या गालांवरून फिरवून
आपल्या कानशिलावर बोटं मोडली.
कडाकडा मोडली सगळी. दगडाची पूड
माझ्या गालांवर राहिली.

परतताना टेम्पोत शुलमिथ म्हणाली,
“मावशी, यांना बघून कळतं ना,
आपण किती आशीर्वादित!”
मान हलवली मी. सवय.
शिरवणं मागे पडेपर्यंत ती हललेली मानच
मानेत रुतत राहिली.
कुणाच्या रिकाम्या हंड्याशेजारी उभं राहून
आपली टाकी मोजायची,
आणि त्याला इतकी वर्षं मी
उपकारस्तुती म्हणत आले.
रोज, जेवणाआधी.

चर्चच्या पायऱ्या काळ्या दगडाच्या आहेत.
दुखऱ्या पायाने एकेक चढताना
खाली बघावंच लागलं.

अहवाल माझ्याकडे होता.
साबण ऐंशी, वह्या साठ, कंगवे मोजले नाहीत.
लाभार्थी या रकान्यात
माझं नाव लिहिलं.
खजिनदार उनवणे चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
“बाई, हे चुकून इथे पडलंय का?”
“नाही,” म्हटलं,
आणि नडगी सांभाळत बाकावर सरकून
त्यांना बसायला जागा केली.