सोळावी पायरी

फ्रिजच्या दारात दोन बाटल्या शेजारी शेजारी.
माझ्या डोळ्यांचे थेंब, पावट्याच्या कानाचे थेंब.
त्याच्या बाटलीला रबर बँड गुंडाळलंय, दुहेरी,
बोटांना कळावं म्हणून.
एकदा चुकले होते.
चूक माझ्याच डोळ्यात गेली, त्याच्या कानात नाही,
तेवढंच समाधान.

त्याच दारावर चुंबकाने लावलेला चौकटींचा कागद.
रोज सकाळी एक डोळा झाकायचा,
मधल्या ठिपक्याकडे बघायचं,
रेषा वाकतात का ते सांगायचं.
वाकतात.
एकतीस वर्षं सिडकोत ट्रेसर होते मी.
नेरूळच्या कितीतरी गल्ल्या या हाताखालून गेल्या,
शाईच्या पेनाने, श्वास रोखून.
आता रेषा दोरीवरच्या ओल्या साडीसारख्या
मधेच पोट सोडतात.

दिवाळीच्या तोंडावर पावट्याला टेम्पोने उडवलं.
मागच्या मांडीत सळई, गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं.
तो कुंड्यांना थडकायचा, मी खुर्च्यांना.
खालच्या कुंदा म्हात्रे म्हणाल्या,
वर कोण चालतंय ते आवाजावरून कळेनासं झालंय.
प्राण्यांचे डॉक्टर तांडेल म्हणाले,
जिन्यावरून उचलून न्या, आजी.
चौदा किलो.
मी ऐकून घेतलं.

आमचा जिना सोळा पायऱ्यांचा.
पंधरा सारख्या, साडेसहा इंची, पायांना पाठ.
सोळावी ठेकेदाराने उंच ठेवली.
माझ्या नकाशात ती तशी नव्हती.
ती आणि खालची फरशी एकाच राखाडी रंगाच्या,
मला तिथे नुसती जमीन दिसते.
पावट्या मात्र तिथे थांबायचा.
दुखऱ्या पायाने अंदाज घ्यायचा,
पट्टा माझ्या मुठीत सैल व्हायचा
आणि मला कळायचं, आली.
सगळी थंडी अशी उतरलो.
लोकांना आंधळ्या-लंगड्याची गोष्ट आठवते.
आठवू दे.
त्या गोष्टीत कोणी कोणाची शी उचलत नाही.

शिवरात्रीच्या आठवड्यात नरसाळं निघालं.
मांडीवर केस आले, मऊ, आधीपेक्षा फिके
(असं कुंदाबाई म्हणतात).
परवा खाली मांजर असेल,
सोळावीवर न थांबता सरळ झेपावला.
मी कठड्याला लटकले,
एक चप्पल पार्किंगमध्ये.
ओरडायला तोंड उघडलं
आणि फरशीवर त्याची नखं ऐकली.
चार पायांची.
चार महिने मी तीनच मोजत होते.
ओरडायचं राहून गेलं.

काल कुंदाबाईंच्या निनादने
सोळावीच्या कडेला पिवळा रंग ओढला.
सरळ आली का रे रेघ?
एकदम सरळ, आजी.
मला वाकडीच दिसते. पण दिसते.
पावट्याही थांबतो तिथे,
रंगाचा वास घ्यायला.
जाईल चार दिवसांत.