नातेवाईकाचं नाव

सेलूच्या जिनिंगमागची गल्ली.
रुईचं तूस दाराच्या कड्यांनाही चिकटलेलं.
मी कडी वाजवते. आतून कुणीतरी म्हणतं,
अंगणवाडीवाल्या बाई आल्यात, लेकरं काढा बाहेर.
आज लेकरं नकोत,
आज मोठ्यांची मोजदाद.

पिशवीत सहा नंबर, सात नंबर, आठ नंबर.
गल्लीला आता हे अर्ज पाठ झालेत.
सहा म्हणजे आला,
सात म्हणजे गेला,
आठ म्हणजे चुकलं होतं, नीट करा.
माणसाचं एवढंच असतं की काय, असं
चौथ्या घरानंतर वाटायला लागतं.
मग पाणी मागून पिते.

मुदस्सिर पिंजारी एक ऑक्टोबरला अठराचा झाला.
टीसी दाखवतो, मिशी दाखवतो,
आपा, फोटो में हसना क्या नक्को?
त्याच्या आजोबांचा सात नंबर
मीच भरला होता, याच खाटेवर बसून.
आज त्याच यादीत नातवाला चढवते.

भाडेकरू म्हणतात, लाईट बिल मालकाच्या नावावर, मालक देत नाही.
मी म्हणते, बँकेचं पासबुक बघा, गॅसचं कार्ड बघा,
काहीतरी असतंच की माणूस राहतो त्या घरात त्याच्या नावाचं.
ते शोधायला आत जातात
आणि बराच वेळ बाहेर येत नाहीत.

शेवटचं घर पत्र्याचं.
निलावती, वय एकतीस, कुठल्याच यादीत नाही.
सासरी, जालन्याकडं, नाव लावलंच नव्हतं कुणी.
नवीन सून, टिकती का बघू, म्हणाले होते.
सहा वर्षं झाली परत येऊन.
मी सहा नंबर काढते. चौथीचा दाखला आहे, फोटो आहे.
नातेवाईकाचं नाव, मी विचारते, नवऱ्याचं?
ती चुलीकडं बघते.
वडलांचं?
ते मी पोटात असतानाच हैदराबादकडं गेले, बाई. कामाला.
पेन थांबतं.
मायचं चालतं का?

बारा वर्षं हे काम करायले मी.
रकान्याशेजारी छापलेलं असतं, वडील, आई, पती,
या दुसऱ्या शब्दावर माझं पेन कधी टेकलं नव्हतं.
चालतं, म्हणाले. का नाही चालत.

केवळाबाई पिठाच्या हातानं दारात आली.
माजं नाव? कागदावर? कामून?
माय, गप. नीट सांग.
नुसतं केवळा लिहू का?
बाई बी लिवा, ती म्हणाली. फुकट हाय ना?

यादी लागली तेव्हा दोघी आल्या बघायला.
निलावतीनं बोट ठेवून वाचलं.
केवळाबाईनं वाचता येत नसून वाचलं.

मतदानाच्या दिवशी मी शाळेच्या लिंबाखाली टेबल टाकून.
चिठ्ठी द्यायची, खोली सांगायची,
मोबाईल घरी ठेवा म्हणायचं, शंभरदा.
खिडकीतून आतला आवाज येत होता.
अधिकाऱ्यानं मोठ्यानं वाचलं,
खंदारे निलावती, आई केवळाबाई.
तीन पक्षांचे तीन पोरं मान खाली घालून
आपापल्या यादीत केवळाबाई शोधायले,
तिघांचीही बोटं एका ओळीवर येऊन थांबली.

बाहेर येऊन निलावती म्हणाली,
काचेमागं कागद दिसतो ना, तो सात सेकंद राहतो म्हणले होते तुमी.
मी मोजले. सातच राहिला.
केवळाबाई डाव्या हाताचं बोट उन्हात धरून बसली.
ही शाई पिठात उतरंल का?
नाही उतरत, म्हणाले.

साडेपाच वाजले तेव्हा आठवलं, माझं मत राहिलंय.
यादी मिटवली, रांगेत शेवटची उभी राहिले,
हातात माझीच चिठ्ठी.
कालिंदा, आणि खाली पतीचं नाव,
त्या माणसाला आमची गल्ली विसरूनही दहा वर्षं झाली.

पिशवीत एक आठ नंबर उरलाय.
बघू.